सोनपुरवा हॉल्टवर उतरवलेला माणूस

सध्या माझं पोस्टिंग हिगाशी-कसाई, टोकियो. सहावा मजला. मुलगा सुनील बँकेच्या इथल्या शाखेत आहे, सून मंजिरी घरूनच ऑफिस करते. बायको गेली तेव्हा सुनील म्हणाला, "बाबा, गावात एकट्याने राहायचं नाही." मी विचारलं, ऑर्डर आहे का विनंती? तो म्हणाला, विनंती. म्हणून आलो. ऑर्डर असती तर आलो नसतो. एकवीस वर्षं ऑर्डरी ऐकल्या, आता पुरे.

मी माजी नाईक तुकाराम निकम, जिल्हा सातारा. शिक्षण चौथी. वय कागदावर त्र्याऐंशी, खरं किती ते आईलाच माहीत होतं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लढाईची आठवण द्या असं सांगितलं गेलं. दोन पानं मागितली होती. जास्त झालीत, पण कापू नयेत. मी हाताने लिहिलंय, मंजिरीने टाइप केलंय. तिने ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुधारलं, बाकी हात लावू दिला नाही.

इथला माझा दिनक्रम असा. ०५०० उठणे. ०५३० नदीच्या बांधावर एक तास चालणे. ०७०० कचरा. इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात, जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. पहिल्या महिन्यात मी बाटल्या चुकीच्या वारी ठेवल्या, तर पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवलेली. मला एकदम पलटणीत आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून आमच्या मजल्याचा कचरा माझ्या चार्जमध्ये आहे आणि आजवर एक पिशवी परत आलेली नाही.

मंगळवारी १००० वाजता वॉर्डाच्या हॉलमध्ये बाहेरच्या लोकांसाठी जपानीचा वर्ग असतो. शिकवणाऱ्या हारुए-सान माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठ्या. पगार घेत नाहीत. हात मागे धरून बाकांमधून फिरतात, किट इन्स्पेक्शनला ऑफिसर फिरतो तशा. वर्गात एक नेपाळी स्वयंपाकी, दोन गुजराती बायका, एक चिनी विद्यार्थिनी आणि मी.

एका मंगळवारी प्रत्येकाने आपली ओळख जपानीत करून द्यायची होती. मी उभा राहून सांगितलं, मी माजी सैनिक आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिनी मुलीनेही. हारुए-सान इंग्रजी छान बोलतात. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "कुठली लढाई, निकम-सान?"

"चायना वॉर. नाइन्टीन सिक्स्टी-टू."

"तुमच्या देशात तेव्हा चिनी वंशाची माणसं राहत असतील. त्यांचं काय झालं?"

मी म्हणालो, "नथिंग. ऑल ओके."

आणि बसलो. खोटं बोललो होतो. फौजेत खोटा रिपोर्ट दिला की आधी कान गरम होतात. त्या दिवशी झाले.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, तुम्ही हे का विचारलंत? त्या म्हणाल्या, "मी सगळ्या सैनिकांना विचारते. माझा जन्म अमेरिकेतला."

मग मशीनमधून दोन बाटल्या चहा काढून आम्ही हॉलबाहेरच्या बाकावर बसलो. माझं इंग्रजी परेड ग्राउंडवरचं, पण त्या सावकाश बोलल्या आणि सगळं समजलं. जपानशी लढाई लागली तेव्हा अमेरिकेने आपल्याच देशात राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून वाळवंटातल्या कॅम्पात ठेवलं. हारुए-सान तेव्हा लहान होत्या. त्यांचे वडील माळी. एका तरुणाने कॅम्पात जायला नकार दिला, पकडला गेला आणि भांडत भांडत देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला. लढाई चालूच होती. कोर्टाने निकाल दिला की सैन्य म्हणतंय गरज आहे, तर गरज असणार. तो तरुण हरला.

"वडील म्हणायचे, कोर्टाने आम्हाला पाहिलंच नाही, सैन्याचा कागद पाहिला," त्या म्हणाल्या. "लढाई संपल्यावर वडील चिडून जपानला परत आले. इथे शाळेत मुलं मला अमेरिकन म्हणून चिडवायची. तिकडे जपानी म्हणून आत, इकडे अमेरिकन म्हणून बाहेर."

"आणि निकाल?"

"जवळपास चाळीस वर्षांनी जुनी कागदपत्रं सापडली. सरकारकडेच लिहिलेलं होतं की या लोकांपासून धोका असल्याचा पुरावा नाही. ते कोर्टापासून लपवलं होतं. तिथल्या एका कोर्टाने त्या माणसावरचा गुन्हा पुसला. वरच्या कोर्टाने आपला निकाल चुकीचा होता असं म्हणायला त्यानंतरही पुष्कळ वर्षं घेतली."

मी म्हणालो, "चाळीस वर्षांनी काय उपयोग? त्याचं वय गेलं."

त्या थोडं हसल्या. "माझे वडील तेव्हा अंथरुणावर होते. मी बातमी वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वस्तरा मागितला. त्यानंतर तीन महिने जगले, आणि तीन महिने रोज दाढी केली."

मी चहा संपवला, बाटलीचं झाकण वेगळ्या डब्यात टाकलं, बाटली वेगळ्या. घरी आलो. पुढचे दोन मंगळवार वर्गाला गेलो नाही. सुनीलला सांगितलं, गुडघा दुखतोय. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

आता बासष्टचं सांगतो.

नोव्हेंबर १९६२. आमची कंपनी वर नेफाच्या, म्हणजे आताच्या अरुणाचलच्या, डोंगरात होती. मी खाली तेजपूरच्या हॉस्पिटलात, मलेरिया. वरून बातम्या येत होत्या त्या चांगल्या नव्हत्या. माझ्या गावचा, माझ्याबरोबर एकाच दिवशी भरती झालेला ज्ञानू साळुंखे वर होता. त्याचं काय झालं ते हॉस्पिटलात आलेल्या एका जखमीने सांगितलं. आमच्या प्लाटूनमधले तिघे मागे राहून बाकीच्यांना खाली जाऊ देत होते. ज्ञानू त्या तिघांत होता. मृतदेह आणता आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरने मला फिट केलं. वर जायचा रस्ता बंद झाला होता. बऱ्या झालेल्या जवानांची एक तुकडी केली आणि ट्रेन एस्कॉर्टची ड्यूटी दिली. आसामात पिढ्यान् पिढ्या राहणारे चिनी लोक पकडले होते. चहाच्या बागांतले सुतार, चपला करणारे, हॉटेलवाले, त्यांची बायकापोरं. त्यांना ट्रेनने राजस्थानातल्या देवळीच्या कॅम्पात पोचवायचं. पोलीस होतेच, त्यांच्या मदतीला आम्ही.

मला ती ड्यूटी आवडली होती, हे लपवत नाही. वाटलं, वर जायला नाही मिळालं, निदान यांना तरी बघून घेऊ.

आमचे इन्चार्ज हवालदार शेडगे. पायात गोळीची जखम, काठी टेकत चालायचे. मला आणि शिपाई मानेला चार नंबरचा डबा दिला. हवालदार म्हणाले, "निकम, गिनती?"

"अठ्ठेचाळीस, हवालदारसाब."

"अठ्ठेचाळीस चढले, अठ्ठेचाळीस उतरले पाहिजेत. नाव-गाव आपल्याला कळत नाही आणि कळायची गरज नाही. डोकी मोजायची. सकाळ-संध्याकाळ."

ही आमची पद्धतच होती. बकऱ्या असोत, राशनची पोती असोत, कैदी असोत, एस्कॉर्टला आकडा देतात आणि आकड्यावर सही घेतात. आकडा बरोबर तर ड्यूटी बरोबर.

मोठ्या स्टेशनवर गाडी थांबली की लोक दगड मारायचे, म्हणून गाडी स्टेशनाबाहेर थांबवायची. जेवण अर्धंकच्चं, कधी नाहीच. संडासाच्या दाराची कडी तुटलेली होती. डब्यात वीस-बावीस बायका. त्या जायच्याच नाहीत, पोट धरून बसायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, बारीक, दम्याने छाती वाजत होती. हिंदी बागेतल्या मजुरांसारखी.

"साहब, मैं मिस्त्री हूँ. दरवाज़ा ठीक कर दूँ?"

"औज़ार?"

"आपके पास जो है."

माझ्याकडे संगीन होती. संगीन कैद्याच्या हातात देणं म्हणजे कोर्ट मार्शल. मी त्याच्याकडे बघितलं, मग त्या बायकांकडे. संगीन काढून दिली. माने ओरडला, "अरे निकम, डोकं फिरलं का तुझं?" मी म्हटलं, तू रायफल रोखून उभा राहा. पाच मिनिटं लागली. त्याने बाकाखालचे दोन स्क्रू काढले, पत्र्याचा तुकडा वाकवला, कडी बसवली. मग संगीन आपल्या सदऱ्याला पुसून, मूठ माझ्याकडे करून परत दिली. मूठ माझ्याकडे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याचं नाव लियांग. चहाच्या बागेत पेट्या बनवायचा. बायको तिथलीच मजूर बाई, चिनी नव्हे, म्हणून तिला आणि सहा वर्षांच्या मुलीला मागे ठेवलं होतं. डब्यातली बाकीची माणसं दुसऱ्या गावांची, त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्या दिवसापासून तो माझ्या बाकाजवळ बसू लागला. माने म्हणायचा, "तुझा पाहुणा आला बघ."

चौथ्या दिवशी सकाळी ०९०० च्या सुमारास डब्यातली एक बाई बाळंत झाली. बायकांनी चादरी धरल्या. मुलगी. रडायला लागली तेव्हा डब्यात चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी हसलं. लियांग मिस्त्री मात्र त्या वेळी बसूनच श्वास घेत होता. झोपवला तर घुसमटायचा. हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर बघू.

पुढचं मोठं स्टेशन आलंच नाही. मिलिटरी स्पेशल पुढे काढायची म्हणून १४०० वाजता आमची गाडी बिहारातल्या एका हॉल्टवर, म्हणजे छोट्या थांब्यावर, बाजूला घेतली. पाटी हिंदीत होती, मला वाचता आली. सोनपुरवा हॉल्ट. १४४० ला मिस्त्री गेला. माझ्या खांद्याला टेकून गेला. मला वाटलं झोपला.

हवालदार काठी टेकत आले. बघितलं. मिस्त्रीची नाडी धरली. मग म्हणाले, "निकम, गिनती कर."

मी मोजली. बाळ धरून अठ्ठेचाळीस.

"बरोबर आहे ना? मग बरोबर आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणालो, "हवालदारसाब, हा माणूस..."

"रस्त्यात मेला लिहिलं तर चौकशी. डॉक्टर का नाही आणला, गाडी का नाही थांबवली. माझी सोळा वर्षं सर्विस आहे, निकम. वर आपली पोरं मेली त्यांची चौकशी कोण करतंय? बेलचे घ्या, खड्डा खणा. गाडी सुटायला एक तास आहे."

हवालदार शेडगे वाईट माणूस नव्हते. त्या पायाने ते स्वतः खड्ड्यापर्यंत आले आणि टोपी काढून उभे राहिले. मी आणि माने यांनी खणलं. जागा अशी: प्लॅटफॉर्म संपतो तिथून पूर्वेला विहीर, विहिरीच्या पुढे रेल्वेचा लोखंडी खांब, खांबापासून चौदा पावलं उत्तरेला. मी पावलं मोजली. का मोजली ते सांगता येत नाही, सवय म्हणा. १५५० ला शिट्टी झाली.

कोट्याला उतरवून बसने देवळी. तिथल्या क्लार्कने नावं पुकारायचा प्रयत्न केला, दहाव्या नावाला कंटाळला आणि डोकी मोजली. अठ्ठेचाळीस. सही झाली.

सहा महिन्यांनी पलटणीत कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. कॅम्पात नावं लावली तेव्हा लियांग नावाचा माणूस सापडला नव्हता. कॅम्पाचं म्हणणं, आमच्याकडे अठ्ठेचाळीस आले होते, म्हणजे तो इथून पळाला. डब्यातल्या लोकांनी तिथे सांगितलं असेल, पण कैद्याचं कोण लिहून घेतो. कॅप्टनसाहेबांनी मला विचारलं, "किती सोपवले?"

"अठ्ठेचाळीस, सर."

"सगळे जिवंत आणि ठीक?"

"जी, सर."

स्टेटमेंट इंग्रजीत होतं. मला वाचता येत नव्हतं हे कारण मी देणार नाही, हवालदारांनी वाचून अर्थ सांगितला होता. मी सही केली. लियांग मिस्त्री कागदावर फरार झाला. चीनला पळाला, म्हणजे हेर असणार, असं पुढे आपोआप ठरलं.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी ०९३० ला, वर्गाच्या अर्धा तास आधी, हॉलवर गेलो. हारुए-सान खुर्च्या मांडत होत्या. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी राँग रिपोर्ट दिला. करेक्ट रिपोर्ट: आमच्याकडेही कॅम्प होता. मी एस्कॉर्टला होतो."

त्यांनी हातातली खुर्ची उघडून माझ्यासमोर ठेवली. "बसा."

सगळं सांगितलं. वर्ग वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि इथे हा केवढा मोठा गुन्हा आहे ते जपानात राहणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी त्यांनी एकच विचारलं. "मुलगी सहा वर्षांची होती? म्हणजे आता सत्तरीच्या आत. निकम-सान, ती असू शकते."

मी असा विचारच केला नव्हता. माझ्या डोक्यात ती सहाचीच होती.

लहानपण अशा कॅम्पांत गेलेल्या लोकांशी हारुए-सानचा पत्रव्यवहार आहे. त्यांनी कॅनडाला लिहिलं. तिथे एक बाई निघाली जी लहानपणी देवळीच्या कॅम्पात होती. तिने आसामात एका शाळामास्तरला लिहिलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. लियांग मिस्त्रीची मुलगी हयात आहे. नाव फूलमाया. शिवणकामाचं दुकान चालवते. बोलायला तयार आहे.

रविवारी ११०० वाजता व्हिडिओ कॉल लावला. सुनील-मंजिरीला आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. मंजिरीने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी ब्लेझर घातला होता, मेडल लावली नव्हती. सुनील दारात उभा.

पडद्यावर चष्मा लावलेली बाई आली. गळ्यात शिंप्याची टेप.

"आप कौन?"

"नाईक निकम. तब सिपाही था."

"मेरे बाबा को जानते थे?"

"चार दिन."

तिने चष्मा सारखा केला. मग म्हणाली, "एक ही बात पूछनी है. वो भागे थे?"

"नहीं. रास्ते में गुज़र गए. कैंप तक पहुँचे ही नहीं. मैं साथ में था."

तिने फोन टेबलावर पालथा नव्हे, उताणा ठेवला. आम्हाला छत आणि फिरणारा पंखा दिसत राहिला. सुनील पुढे यायला लागला, मी हाताने थांबवला. चार-पाच मिनिटांनी ती परत आली. तोंड धुतलं होतं.

"माँ यही बोलती थी. पुलिस ले गई उस दिन बाबा घर का दरवाज़ा लगा रहे थे. एक कब्ज़ा लगा, दूसरा बाकी था. लोग बोलते, तेरा आदमी चीन भाग गया. माँ बोलती, जो आदमी दरवाज़ा आधा छोड़ के गया वो लौटने वाला था. मरने तक किसी को दूसरा कब्ज़ा लगाने नहीं दिया. हम चौदह साल दरवाज़ा उठा-उठा के बंद करते थे." कब्ज़ा म्हणजे बिजागरी.

मी सांगितलं, त्यांनी गाडीतही एक दार दुरुस्त केलं. ती हसली आणि हसताना रडली.

मग तिने विचारलं, "आपने तब क्यों नहीं बोला?"

याचं उत्तर मी तीन आठवडे तयार केलं होतं, हिंदीत, चांगलं लांब. ते सगळं सोडून दिलं. "हवालदार को बचाया. अपने को भी. गलती मेरी है."

ती म्हणाली, "हाँ, है." आणि थोड्या वेळाने, "चाय पिए हैं क्या आप? हम लोग बहुत देर से बात कर रहे हैं."

तिला एकच गोष्ट हवी होती. सरकारी कागदावर तिच्या वडिलांच्या नावापुढे फरार आहे, ते निघावं. त्यासाठी माझं लेखी स्टेटमेंट, दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून.

त्या दिवशी घरात वाद झाला. सुनील म्हणाला, "बाबा, तुम्ही लिहून देताय की तुम्ही खोटी साक्ष दिलीत. तुमची पेन्शन आहे. माझी नोकरी आहे. साठ वर्षं झाली, आता कोण विचारतंय?"

"ती विचारतेय."

"तुमचे हवालदार नाहीत, माने नाहीत. पलटणीचं नाव खराब होईल."

हे मला लागलं. पलटणीचं नाव मी कोणाला खराब करू देत नाही. "पलटणीचं नाव ज्ञानूसारख्यांनी कमावलंय," मी म्हणालो. "माझ्या एका खोट्या सहीवर ते उभं नाही. आणि तू बँकेत आहेस. खोटी सही सापडली तर तू काय करतोस? जुनी झाली म्हणून सोडतोस?"

 मंजिरी स्वयंपाकघरातून सुनीलला म्हणाली, "अहो, आता तुम्ही हरलात, जेवायला बसा."

सोमवारी रात्री जेवणानंतर सुनीलने माझा कागद मागितला, वाचला, म्हणाला, "बाबा, वेळा आणि जागा इतक्या स्पष्ट आहेत, पण एक वाक्य राहिलंय. अठ्ठेचाळीसमध्ये एक बाळ होतं, हे सुरुवातीलाच पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला आकडा बरोबरच वाटेल." त्याने ते वर लिहिलं. मंगळवारी अर्धा दिवस रजा काढून माझ्याबरोबर दूतावासात आला. ट्रेनमध्ये आम्ही शेजारी बसून काही बोललो नाही, इथे ट्रेनमध्ये कोणी बोलत नाहीच. खिडकीवरच्या तरुण अधिकाऱ्याने दोनदा वाचलं. "आप शुअर हैं, बाबाजी?" मी म्हणालो, "बासठ में शुअर नहीं था. अब हूँ." त्याने शिक्का मारला आणि उभा राहून कागद दिला.

फूलमायाने अर्ज केला आहे. उत्तर अजून यायचं आहे. तिच्या भागातल्या वकीलबाई म्हणतात, वेळ लागेल पण साक्षीदार हयात आहे ही मोठी गोष्ट. म्हणून मी गुडघ्याचे व्यायाम आता खरोखर करतो. सुनावणीला बोलावलं तर जायचं आहे.

पण तिने उत्तराची वाट पाहिली नाही. मार्च महिन्यात ती आणि तिची मुलगी रेल्वेने बिहारला गेल्या. सकाळी ११०० ला आमच्याकडे फोन वाजला. तिकडे साडेसात. मी त्या दिवशी दुसऱ्यांदा नदीच्या बांधावर गेलो होतो, मंजिरी फोन घेऊन पळत आली.

पडद्यावर शेत दिसत होतं. मोहरी काढून झालेली. हॉल्ट बंद पडलाय, पण प्लॅटफॉर्मचा दगडी काठ होता.

"निकम बाबा, पहुँच गए. अब बोलिए."

"प्लॅटफॉर्म का आखिरी सिरा. सूरज सामने रखो. चलो."

"चल रहे हैं."

"कुआँ?"

"नहीं है... रुकिए. है. मिट्टी से भर दिया है. ऊपर का गोल दिख रहा है."

"ठीक. आगे. लोहे का खंभा."

बराच वेळ नुसता चालण्याचा आवाज. मंजिरीने माझा दंड धरला होता, मला कळलंही नाही.

"खंभा कटा हुआ है. ज़मीन से हाथ भर बचा है."

"वही है. सूरज अब दाहिने कंधे पर लो. चौदह कदम. आदमी के कदम, बड़े डालो."

ती मोठ्याने मोजत गेली. चौदाला थांबली. तिथे काही नव्हतं. गवत, बाजूला एक बोरीचं झुडूप.

"यहीं?"

मी खात्रीने सांगू शकलो असतो का, माहीत नाही. पाऊल इकडे-तिकडे होतं. पण रिपोर्ट द्यायचा तर द्यायचा. "यहीं," मी म्हणालो.

ती खाली बसली. मुलीने फोन धरला. तिने उदबत्त्या लावल्या, भात ठेवला, जमिनीला हात लावून बागेतल्या भाषेत काही बोलली. ते मला कळलं नाही आणि कळायचं नव्हतंच. मी बांधावर सावधानमध्ये उभा होतो. सायकलवरून जाणारे लोक वाकून जात होते, त्यांना काय वाटलं कोण जाणे.

झाल्यावर ती उठली, फोन स्वतःकडे घेतला. "बाबा, हमारे उधर से ऊपर पहाड़ का रास्ता जाता है. आपने बताया था, आपके लोग वहीं रह गए थे ना? बेटी की गाड़ी है. हम जाएँगे, उनके लिए भी अगरबत्ती लगाएँगे. नाम बोलिए."

साठ वर्षांत त्यांची नावं माझ्याकडे कोणी मागितली नव्हती. तिच्या मुलीने कागद काढल्याचा आवाज आला.

मी सावकाश सांगितलं. शिपाई ज्ञानू साळुंखे. लान्स नाईक दत्तू चव्हाण. शिपाई महादू कांबळे.

तिने तिन्ही नावं परत म्हणून दाखवली.